दातांमधली मोकळी जागा

न्ताते मोखेती म्हणाले, घोडा मुजोर झालाय.
जड लोखंड घाल तोंडात, सुतासारखा सरळ येईल.
सेमोंकोंगच्या शर्यतीत तीनदा पहिला आलेला माणूस;
मी मान हलवली. फोकानेही हलवली,
पण तो तर हल्ली सारखीच हलवतो.

फोका म्हणजे दहिवर. पहाटे जन्मला म्हणून.
पाच वर्षं आम्ही दोघं डोंगरावरून दवाखान्यात जातो.
माझ्या पाठीवरच्या डब्यात चार वस्त्यांचं रक्त,
नळ्यांवर नावं. येताना गोळ्या.
त्याच्या पाठीवर ते सगळं, आणि मी.

या हिवाळ्यात तो उतारावर तोंड वासू लागला.
जीभ कडियाळ्याच्या वरून बाहेर काढायचा,
डावी वाग ओढली की मान आभाळात,
फेसात कधी गुलाबी रेघ.
मी नाकपट्टी एक भोक आवळली.
मग आणखी एक.
तोंड मिटलं. मला वाटलं, जिंकले.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात
तो माझ्याच हातून चालला होता
आणि मी त्याला वळण लावणं म्हणत होते.

कळलं ते घोड्यावर बसून नव्हे.
एका रविवारी जळणासाठी शेण गोळा करताना
दगडी भिंतीखाली ज्वारीच्या ताटांचे गोळे दिसले,
अर्धवट चावलेले, ओले, लिंबाएवढे.
तो मान तिरकी करून खात होता,
जणू पलीकडच्या घरातलं काही ऐकतोय.
भुकेलं जनावर घास टाकतं
तेव्हा ते मुजोर नसतं.

धाकट्या थेबेने बॅटरी धरली.
मी अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवला.
पुढचे दात, मागच्या दाढा,
मध्ये गुळगुळीत हिरडीची मोकळी जागा.
देवाने ती लगामासाठीच राखली,
असं न्ताते मोखेती सांगतात.
तिथे, वर डावीकडे, दाढेच्या अलीकडे
मक्याच्या दाण्याएवढा एक दात,
नसता तरी चाललं असतं असा.
भोवतीची हिरडी जांभळी.
मागे दाढेची कड गालात रुतलेली.
आणि कडियाळ्याचा सांधा झिजून धारदार:
बोट फिरवलं, रक्त आलं.
पाच वर्षांत त्याला एकदाही हात लावून पाहिला नव्हता.

मासेरूचा जनावरांचा डॉक्टर महिन्याने येणार.
तोवर दोर. मोहेरचा, विणलेला, नाकावरून;
तोंडात काही नाही.
पहिल्या दिवशी नदीपाशी तो थांबलाच नाही,
पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत. डबा कोरडा राहिला.
दवाखान्यात सिस्टर मात्सेपे घड्याळाकडे बघत उभी.
ब्रेक नाही सध्या, मी म्हटलं.
ती हसली नाही.

डॉक्टरने गुंगीचं इंजेक्शन दिलं,
दात उपटून माझ्या तळहातावर ठेवला,
दाढांच्या कडा कानशीने घासल्या.
नवं कडियाळं अर्धं बोट रुंद, सांध्याशी गोल.
आणि हात हलके ठेवा बाई, म्हणाला,
त्यावर माझ्याकडे औषध नाही.
न्ताते मोखेतींनी तो दात मागून घेतला,
बराच वेळ उलटसुलट पाहिला.
माझ्या त्या तांबड्याला, ते म्हणाले,
आणि पुढे बोललेच नाहीत.

आता पहाटे भिंतीवर हिमाची साय असते.
कडियाळं मी आधी काखेत धरते, घोंगडीच्या आत.
लोखंडाचा गारठा माझ्या बरगडीला लागू दे.
कडी किणकिणली की अजून त्याची मान वर जाते.
दात गेला; आवाज राहिला.
मी थांबते.
कधी तो आपणहून तोंड उघडतो.
कधी नाही उघडत.
त्या दिवशी दोर,
आणि सिस्टरची बोलणी.